दिवेलागणीची दहा मिनिटं

सिडनीत थंडी नसते, असं सिडनीतले लोक सांगतात. बाहेरच्या हवेपुरतं ते खरं आहे. जुलैत दुपारी छान ऊन पडतं, माणसं अर्ध्या चड्डीत कुत्री फिरवतात. थंडी असते ती घरात. टूनगॅबी या उपनगरातलं आमचं घर जुनं आहे. बाहेरून विटांचा एक थर, आत पातळ प्लास्टरबोर्ड, एकेरी काचेच्या खिडक्या, लाकडी फळ्यांची जमीन आणि त्या फळ्यांखाली मोकळी हवा. पहाटे गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा असतो आणि स्वयंपाकघरातला थर्मामीटर नऊ दाखवतो. खोबरेल तेल मेपासून सप्टेंबरपर्यंत दगड होऊन बसतं. आमच्या लॅबमध्ये एक स्कॉटिश बाई आहे. तिच्या गावाला चार महिने बर्फ असतो, पण ती म्हणते, जन्मात पहिल्यांदा घरात कोट घालून जेवले ती इथे.

आम्ही वीस वर्षं तसेच राहिलो. नवरा जूनमध्ये माकडटोपी चढवायचा ती वसंत आल्यावर काढायचा. मुलगी जाड गाऊन घालून, त्यावर गोधडी गुंडाळून अभ्यास करायची. आंघोळीला जाताना प्रत्येक जण धावत जायचा आणि धावत यायचा. याला आम्ही अडचण म्हणत नव्हतो. हवामान म्हणायचो.

मग आई आली.

बाबा गेल्यावर आई पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहत होती. बाथरूममध्ये पाय घसरून तिचं मनगट मोडलं, तेव्हा दार उघडायलाही कोणी नव्हतं. शेजारणीकडे किल्ली होती म्हणून निभावलं. मी एकुलती एक. प्लॅस्टर निघाल्यावर मी फोनवर विषय काढला की आता तू इकडेच राहा. तिने आधी इथे थंडी किती असते ते विचारलं. मग म्हणाली, "एक हिवाळा काढते तिथे. जमलं तर राहीन, नाही तर परत येईन. पण ठरवणार मी. तू मध्ये बोलायचं नाहीस."

मी 'बरं' म्हटलं आणि हा हिवाळा म्हणजे परीक्षेचा पेपर आहे असं धरून कामाला लागले. माझा स्वभावच तसा आहे. कोणी प्रश्न घातला की मी तो सोडवते. आईचा प्रश्न थंडीचा आहे असं मला वाटलं, म्हणून मी थंडी सोडवायला घेतली.

सगळं घर तापवणं अशक्य होतं. म्हणून पुढची खोली निवडली. तिला उत्तरेकडे मोठी खिडकी आहे, आणि इथे सूर्य उत्तरेच्या अंगाने जातो. आईला हे पटायला आठवडा लागला. ती खिडकीत उभी राहून म्हणायची, "दक्षिणेकडून यायचं सोडून हा उत्तरेला काय करतोय?" पण उन्हाची खुर्ची तिने पहिल्याच दिवशी ओळखली आणि ताब्यात घेतली.

त्या खोलीत एक गॅस हीटर होता. घराच्या आधीच्या मालकांनी जाताना ठेवून दिलेला. भिंतीत गॅसचं तोंड, त्याला नळी, नळीला हीटर. धुराडं नाही. जे काही जळतं ते खोलीतच राहतं. आम्ही तो वर्षातून चार-पाचदा, पाहुणे आले की लावायचो. आता तो रोज सकाळी आठपासून चालू झाला. उत्तम तापायचा. पण दोन तासांनी बंद केला की अर्ध्या तासात खोली पुन्हा गार. ऊब जाते कुठे, हे शोधायला मी एका रविवारी उदबत्ती पेटवून खोलीभर फिरले. धूर दाराखालून, खिडकीच्या फटींतून आणि छताजवळच्या चार जाळ्यांतून हलत होता. जुन्या घरांत भिंतीला वर अशा प्लास्टरच्या जाळ्या असतात. वीस वर्षांत मी त्यांच्याकडे फक्त जळमटं काढायला पाहिलं होतं.

शिडी आणली, रुंद चिकटपट्टी आणली आणि चारही जाळ्या बंद केल्या. खिडक्यांना फोमच्या पट्ट्या लावल्या. दाराखाली घालायला आईने तिच्या जुन्या सुती पातळाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यांत मी वाळू भरली. इथले लोक त्याला साप म्हणतात, असं मुलीने आजीला सांगितलं.

"दारात साप ठेवून झोपायचं म्हणजे कमाल आहे," आई म्हणाली. पण शिवण सुबक घातली होती.

संध्याकाळी थर्मामीटर बावीसवर गेला आणि तिथेच राहिला. मी त्याचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला. तो शेजारच्याच खोलीत होता, पण उठून येणं गारठ्यामुळे त्याला जड गेलं असतं.

आईची बाकीची सोयही मी केली. गादीवर विजेची चादर अंथरली. आईने तिला हात लावला नाही. "विजेवर झोपू? शॉक लागला तर तू इथून कळवणार कोणाला?" तिला रबराची गरम पाण्याची पिशवी पुरेशी होती. लोकरीचे मोजे घातले, पण त्यांवर अंगठ्याची चप्पल चढेना म्हणून अंगठ्यापाशी कापून घेतले. जुलैत तिने तिळाच्या वड्या केल्या. मी म्हटलं, संक्रांत जानेवारीत असते. ती म्हणाली, "जानेवारीत तुमच्याकडे चाळीस डिग्री असतं ना? मग तीळ काय पंचांग बघून खायचे?" मला हे बोलणं आवडलं. आम्ही दोघी मूळच्या एकाच धाटणीच्या आहोत, हे मी अधूनमधून विसरते.

एकच भांडण होतं, ते दाराचं.

हिवाळ्यात इथे पाचला अंधारू लागतं. साडेपाचच्या सुमारास आई देवापाशी दिवा लावायची, शुभंकरोती म्हणायची आणि पुढचं दार सताड उघडून ठेवायची. दहा मिनिटं. आत यायच्या वेळी लक्ष्मीला दार बंद दिसू नये म्हणून. मी वेस्टमीडच्या लॅबमधून ट्रेनने येऊन स्टेशनवरून चालत घराच्या वळणावर यायची तेव्हा आमचं दार लांबूनच दिसायचं, उघडं, पिवळ्या उजेडाचं. गल्लीतल्या बाकी सगळ्या घरांची दारं बंद. दिवसभर तापवलेली माझी बावीस डिग्री त्या दारातून चालत रस्त्यावर येताना मला जवळजवळ दिसायची.

"आई, दार."

"दहा मिनिटं."

"अगं, दिवसभराची ऊब गेली."

"मग पुन्हा येईल. ऊब विकत मिळते. लक्ष्मी मिळते का?"

"तिला बेल वाजवता येत नाही का?"

"तू पत्रपेटीवर जाहिराती टाकू नका म्हणून पाटी लावली आहेस. ती बिचारी ते वाचून परत जात असेल."

मुलगी आतून हसायची. "आजी वन, मम झीरो."

तर हे रोजचं होतं. दहा मिनिटांनी आई दार लावायची, साप पायाने नीट सरकवायची आणि खुर्चीत येऊन बसायची.

जुलैच्या सुरुवातीला ती म्हणू लागली की दुपारनंतर डोकं जड होतं. मी म्हटलं, पाणी कमी पितेस. ती पाणी प्यायला लागली. मग म्हणाली, वाचताना अक्षरं हलतात. मी चष्म्याचा नंबर तपासून आणला. थोडा बदललेला निघाला, त्यामुळे मला माझं निदान बरोबर वाटलं. मग म्हणाली, मळमळतं. तेव्हा मी कोविडच्या काळात घेतलेलं बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र काढलं आणि तिच्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव.

"बघ," मी म्हटलं, "ऑक्सिजन माझ्यापेक्षा चांगला आहे."

आईने यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "यंत्राचं डोकं दुखत नसेल," ती म्हणाली.

माझ्या मनात तेव्हा काय होतं ते लिहायला हवं. मला वाटत होतं की तिला परत जायचंय आणि ती कारणं गोळा करतेय. पेपर मी नीट सोडवला होता, खोली गरम होती, आता थंडीचं कारण सांगता येत नाही म्हणून डोकेदुखी. मी हे बोलून दाखवलं नाही, पण मी तिच्याशी तसं वागत होते. मुलगीसुद्धा एकदा म्हणाली, "मम, दॅट रूम इज सो स्टफी. माझंपण डोकं दुखतं तिथे." मी म्हटलं, फोन कमी बघ.

त्याच आठवड्यात पुण्याहून फोन आला. आईचे एक चुलत दीर गेले. वय झालं होतं, बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते. आईने रडारड केली नाही, पण सुतक धरलं. दहा दिवस देवाला शिवणार नाही, दिवा लावणार नाही.

"तुला नाही सुतक," ती मला म्हणाली. "तू लग्न होऊन दुसऱ्या घरची झालीस. दिवा तू लाव."

मी दिवा लावू लागले. घरी यायला मला साडेपाच-पावणेसहा व्हायचे. हातपाय धुऊन देवापाशी वात पेटवायची, हात जोडायचे, झालं. दार मी उघडलं नाही. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. गेलेल्या माणसाबद्दल आदर राखून सांगते, पण दहा दिवस दार बंद राहणार याचा मला आनंद झाला. आईच्याही ते लक्षात आलं असणार. ती खुर्चीतून म्हणाली, "दिवा लावतेस आणि दार लावून घेतेस. पाहुण्याला जेवायला बोलवून गेट बंद करण्यासारखं आहे." पण सुतकात तिने स्वतः उठून दार उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिला उलटी झाली. चौथ्या दिवशी मी कामावरून आले तर ती खुर्चीतच झोपली होती. हाक मारल्यावर जागी झाली, पण मला ओळखायला तिला क्षणभर लागला. चेहरा लालसर होता. मी म्हटलं, दु:ख झालंय, वय आहे, झोप येते. डॉक्टरची वेळ घेतली, ती पुढच्या मंगळवारची मिळाली.

पाचव्या दिवशी, गुरुवारी, माझी रजा होती. या सगळ्यात सबंध दिवस त्या खोलीत मी कधी बसलेच नव्हते. मी रोज लॅबला, नवरा ऑफिसला, मुलगी बहुतेक युनिव्हर्सिटीला नाहीतर तिच्या खोलीत. दिवसभर तिथे बसणारी एकटी आई होती. त्या दिवशी मी तिच्यासमोर बसले, कागदपत्रं आवरायला घेतली. हीटर चालू, दारं बंद, साप जागेवर.

अकराच्या सुमारास माझं डोकं दुखायला लागलं. चहा झाला नव्हता म्हणून चहा घेतला. बाराला कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं झालं. मशीनमधले कपडे निघाले होते ते घेऊन मी मागच्या अंगणात वाळत घालायला गेले. उजळ ऊन, गार हवा. चादरी, उशांचे अभ्रे, सगळ्यांचे मोजे. वीसेक मिनिटं गेली असतील. शेवटचा मोजा लावताना लक्षात आलं की डोकं हलकं झालंय. आत येऊन पुन्हा बसले. पंधरा मिनिटांत पट्टा परत.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्तातले वायू मोजणाऱ्या यंत्रांची तपासणी हा माझ्या कामाचा भाग आहे. ती यंत्रं ऑक्सिजन मोजतात, तसाच हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या जागी चिकटलेला कार्बन मोनॉक्साइडही मोजतात. बोटाला लावायच्या यंत्राला या दोन्हींतला फरक कळत नाही, ते दोन्हीला ऑक्सिजनच समजतं. नव्या मुलांना हे मी स्वतः शिकवते. फळ्यावर चित्र काढून शिकवते. कोणी लॅबमध्ये फोन करून मला सांगितलं असतं की घरात दोघा-तिघांचं डोकं दुखतंय, बाहेर गेलं की थांबतं, हिवाळा आहे, तर माझा पहिला प्रश्न असता, हीटर कुठला?

मी उठून हीटर बंद केला. भिंतीतला गॅस बंद केला. साप लाथेने बाजूला केले, पुढचं दार, मागचं दार, सगळ्या खिडक्या उघडल्या.

"काय झालं?" आईने विचारलं. "सुतक संपलं का?"

"नाही. चल, बाहेर अंगणात बसू. शाल घे."

मुलगी त्या दिवशी घरी होती. तिला म्हटलं, आपण आजीला इमर्जन्सीत नेतोय, गाडी तू चालव. माझंही रक्त त्या वेळी भरवशाचं नव्हतं आणि ते मला कळत होतं. ती एरवी वाद घालते, तेव्हा घातला नाही. सगळ्या काचा खाली करून आम्ही निघालो. आई मागे माकडटोपी घालून बसली होती, नवऱ्याची.

इमर्जन्सीत मी दारातच सांगितलं की बंद खोली, धुराड्याशिवायचा गॅस हीटर, तीन आठवडे डोकेदुखी. हे ऐकल्यावर तिथल्या लोकांनी पुढचं सगळं पटापट केलं. रक्त घेतलं, रिझल्ट आला. आकडा मी उलटा वाचूनही ओळखला असता. सिगारेट न ओढणाऱ्या बाईच्या रक्तात जेवढा असायला हवा, त्याच्या कितीतरी पट. माझा त्याहून कमी, पण जास्तच. आईला ऑक्सिजनचा मास्क लावला, मलाही. दोघी शेजारीशेजारी बसलो होतो, तोंडावर मास्क, पायावर हॉस्पिटलच्या गरम केलेल्या पांढऱ्या चादरी.

चार तासांनी आकडा खाली आला. ईसीजी नीट होता. डॉक्टर म्हणाली, वेळेत आणलंत. मला ते शब्द नको होते, कारण वेळेत म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. तीन आठवड्यांपूर्वी आणलं असतं तर ते वेळेत झालं असतं.

आईने मास्क बाजूला करून विचारलं, "म्हणजे हीटरने झालं?"

"हीटरने आणि मी जाळ्या बंद केल्या त्याने. त्या जाळ्या त्यासाठीच असतात. मला माहीत असायला हवं होतं."

"मी सांगत होते," आई म्हणाली. रागाने नाही. एखादी वस्तू कुठे ठेवली आहे ते सांगावं तसं.

"हो."

"डोकं दुखतंय म्हणून सांगत होते. तू मला पाणी पाजलंस."

तिने मास्क पुन्हा लावला.

हीटर बघायला गॅसवाला शनिवारी आला. पन्नाशीचा, गुडघ्यांवर चामड्याचे तुकडे शिवलेल्या पँटमधला, कमी बोलणारा. त्याने हीटरचं पुढचं झाकण काढलं. आत वर्षानुवर्षांची लव, धूळ आणि केस, आणि पेटवून पाहिला तर ज्योत निळी असायला हवी तिथे पिवळी. शेवटचं सर्व्हिसिंग कधी केलं, त्याने विचारलं. मी म्हटलं, माझ्या माहितीत कधीच नाही. मग त्याने वर पाहिलं. चारही जाळ्यांवर चिकटपट्टी तशीच होती.

"हे कोणी केलं?"

"मी."

तो शिडीवर चढला, एक कोपरा नखाने ओढून पाहिला. पट्टी सुटेना. "गुड जॉब," तो म्हणाला. उतरल्यावर त्याने हीटर ट्रकमध्ये टाकला, भिंतीतलं गॅसचं तोंड कायमचं बंद केलं आणि जाताना आईला म्हणाला, "नो वरीज, लव्ह." तिने त्याला तिळाची वडी दिली. त्याने ती पूर्ण खाल्ली आणि आणखी एक मागितली.

बाकीचं काम पुढच्या दोन आठवड्यांत झालं. छतात जाड लोकरीसारखे थर घातले. हे वीस वर्षांपूर्वी करायला हवं होतं. भिंतीवर गरम-गार दोन्ही करणारा एसी बसवला. त्याचं जे काही जळायचं ते बाहेर, वीज कंपनीकडे जळतं. खिडक्यांना जाड दुहेरी पडदे. छताला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, जरी आता घरात गॅसचं काही उरलं नव्हतं तरी. जाळ्यांवरची पट्टी मी स्वतः काढली. रंगासकट निघाली. ते चार चौकोन अजून तसेच आहेत.

सुतक बुधवारी फिटलं. अकराव्या दिवशी आईने डोक्यावरून आंघोळ केली, देव घासले. संध्याकाळी दिवा लावला आणि दार उघडलं. एसीवाला अजून यायचा होता, खोली चौदावर होती. मी जॅकेट चढवून तिच्याशेजारी उंबऱ्याशी उभी राहिले. समोरच्या घरातली बाई कचऱ्याचा डबा ओढत रस्त्यावर आणत होती. तिने हात केला, आम्ही हात केला.

ही गोष्ट मी ओळखीच्या दोघी-तिघींना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, बघ, आपल्या रिती किती शास्त्रीय असतात. मला ते पटत नाही. दिवेलागणीला दार उघडायची रीत गॅस हीटरसाठी निघालेली नाही. दहा मिनिटांच्या वाऱ्याने आईच्या रक्तातला विषारी वायू रोज थोडा कमी होत होता, तो योगायोग होता. सुतकात तो योगायोग थांबला आणि ती आणखी आजारी पडली. योगायोगावर घर चालवता येत नाही. त्यासाठी जाळ्या असतात.

पण आईने मला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, तो योगायोग नव्हता. ते तिने सरळ मराठीत सांगितलं होतं, आणि मी ऐकलं नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी सकाळचा बर्फ थांबला. बाटलीतलं खोबरेल तेल कडेने थोडं वितळलं. हिवाळा संपत आला होता. आईने काय ठरवलं ते मी विचारलं नाही. मध्ये बोलायचं नाही असं ठरलं होतं, आणि पेपरात मी नापास झाले होते हे मी धरून चालले होते. व्हिसा वाढवायचे कागद टेबलावर होते. त्यांना मी हात लावला नाही.

एका रविवारी ती उन्हाच्या खुर्चीत शेंगा सोलत होती. न बघता म्हणाली, "समज, मी म्हटलं की माझं पोट दुखतंय. काय करशील?"

"विचारीन. कधीपासून, कुठे, कशाने वाढतं."

"आणि?"

"आणि तू काय म्हणतेस ते ऐकीन."

"आणि ते बोटाचं यंत्र?"

"ते शेवटी."

"शेवटीसुद्धा नको," ती म्हणाली. "ते टाकून दे." आणि शेंगा सोलत राहिली. मी उठून यंत्र टाकून दिलं. चालू होतं, चांगलं होतं, मला वस्तू टाकवत नाहीत. पण टाकलं.

त्या दुपारी तिने पुण्याच्या शेजारणीला व्हिडिओ कॉल लावला. मी स्वयंपाकघरात होते. मला सगळं ऐकू येत होतं. पाऊस किती झाला, पाण्याची टाकी धुतली का, लिफ्ट दुरुस्त झाली का. मग आई म्हणाली, "अहो, एक काम करा. माझं गॅसचं कनेक्शन परत करायचंय. सिलिंडर, रेग्युलेटर दोन्ही एजन्सीत जमा करा. मी सही करून पत्र पाठवते."

पलीकडून शेजारीण काहीतरी बोलली. परत आल्यावर चहा कशावर करणार, असं काहीसं असावं.

"आले तर तुमच्याकडे पिईन," आई म्हणाली. मग मला हाक मारली. "अगं, माझ्या निळ्या पर्समधलं गॅसचं पुस्तक आण. नंबर सांगायचाय."

पर्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत, रबर लावलेलं, गॅसचं पुस्तक होतं. हिवाळ्यापुरती येणारी बाई गॅसचं पुस्तक बरोबर कशाला आणेल, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं. पुस्तक मी तिला नेऊन दिलं. तिने चष्मा लावला, शेजारणीला नंबर दोनदा वाचून दाखवला, तिच्याकडून परत म्हणवून घेतला, एका आकड्यात ती चुकली म्हणून तिसऱ्यांदा सांगितला. फोन ठेवल्यावर पुस्तक माझ्या हातात दिलं.

"सांभाळून ठेव. पावती येईपर्यंत लागेल."

घराच्या दुरुस्तीची माझी एक फाईल आहे. तिच्यात गॅसवाल्याची पावती होती. तिच्यामागे मी पुस्तक लावलं आणि टेबलावरचे व्हिसाचे कागद भरायला घेतले. साडेपाच वाजत आले होते. आईने देवापाशी वात लावली आणि जाता जाता एसी बंद करून दार उघडलं.